दरडोई रक्कम आणि ठरलेला दवाखाना : घानाच्या अशांटी प्रांतातील आरोग्य विम्याचे प्रकरण (२०१२–२०१७)

प्रकरणाची ओळख

राष्ट्रीय आरोग्य विमा सुरू करणाऱ्या बहुतेक विकसनशील देशांना काही वर्षांतच एक अडचण गाठते. लोक कार्ड घेऊन दवाखान्यात येऊ लागतात, रुग्णालयांचे दावे वाढत जातात, विमा निधी त्या दाव्यांमागे धापा टाकत धावतो, आणि पैसे उशिरा मिळू लागले की रुग्णालये त्याची झळ रुग्णापर्यंत पोचवतात. अशा वेळी सेवेचे पैसे कोणत्या रीतीने चुकते करायचे हा प्रश्न वरवर हिशेबनिसाचा वाटतो. प्रत्यक्षात रुग्णाच्या हातातल्या कार्डाची किंमत त्यावरच ठरते.

घाना या पश्चिम आफ्रिकेतील देशाने २०१२ मध्ये अशांटी प्रांतात पैसे देण्याची रीत बदलून पाहिली. सभासद किती वेळा आला याचा हिशेब न ठेवता, त्याने निवडलेल्या दवाखान्याला माणशी दरमहा ठरावीक रक्कम आगाऊ द्यायची, असा तो प्रयोग होता. पाच वर्षांनी तो थांबवला गेला. पुढील मांडणीत कोणत्याही रुग्णालयाचे, डॉक्टरचे किंवा अधिकाऱ्याचे नाव घेतलेले नाही; संबंधितांचा उल्लेख त्यांच्या भूमिकेवरून केला आहे. निर्णय कोणत्या क्षणी आणि कोणत्या माहितीच्या आधारे घेतले गेले, हा या अभ्यासाचा गाभा आहे.

पार्श्वभूमी

घानामध्ये १९८५ पासून सरकारी रुग्णालयांतही उपचारांचे पैसे रुग्णाकडून घेतले जाऊ लागले. ‘कॅश अँड कॅरी’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत लोकांच्या मनात इतकी खोल रुतली, की पुढे आरोग्य धोरणातला प्रत्येक बदल ‘ते दिवस परत येणार का’ या एकाच भीतीच्या कसोटीवर तपासला गेला. २००३ मध्ये संसदेने राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा केला आणि २०१२ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

या विम्याची रचना अनेक विकसनशील देशांच्या तुलनेत धाडसी होती. निधीचा मोठा भाग वस्तू व सेवांवरील २.५ टक्के आरोग्य विमा कराने उभा राहत होता; त्यात संघटित क्षेत्रातील नोकरदारांच्या सामाजिक सुरक्षा वर्गणीतील वाटा मिळत होता, आणि असंघटित क्षेत्रातील प्रौढांनी भरलेला हप्ता त्या मानाने किरकोळ होता. अठरा वर्षांखालील मुले, सत्तर वर्षांवरील वृद्ध, अत्यंत गरीब म्हणून नोंदलेले लोक आणि २००८ पासून गरोदर स्त्रिया यांना हप्ता माफ होता. देशात आढळणाऱ्या सुमारे ९५ टक्के आजारांचा समावेश लाभांत आहे असे सांगितले जाई आणि उपचाराच्या वेळी रुग्णाने काहीही देणे अपेक्षित नव्हते. उत्पन्नाचा बराचसा भाग करातून येत असल्यामुळे सभासद वाढले तरी उत्पन्न त्या प्रमाणात वाढत नव्हते, खर्च मात्र वाढत होता. हे गणित मुळातच अवघड होते.

लोकांनी विमा वापरला, आणि भरपूर वापरला. २००५ मध्ये विम्याखालील बाह्यरुग्ण भेटी सुमारे ६ लाख होत्या. २०१० मध्ये त्या सुमारे १ कोटी ६९ लाखांवर गेल्या. आजारी माणूस घरी बसून राहण्याऐवजी दवाखान्यात जाऊ लागला, हे निःसंशय यश होते. पण सभासद नेमके किती, याचा हिशेब कच्चा होता. २०११ मध्ये ऑक्सफॅम या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेच्या अहवालाने दावा केला, की लोकसंख्येच्या साठ टक्क्यांहून अधिक लोक विम्याखाली असल्याचा अधिकृत आकडा फसवा असून प्रत्यक्ष प्रमाण १८ टक्क्यांइतके कमी असू शकते. त्यावर बराच वाद झाला. एकदा नोंदलेला माणूस कायमचा सभासद धरण्याची रीत सोडून, चालू कार्ड असलेलेच सभासद मोजण्याची रीत विमा चालवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने स्वीकारली, तेव्हा २०१० साठीचे प्रमाण ३४ टक्के निघाले. ही घटना येथे नोंदवण्याचे कारण असे, की दरडोई पद्धतीत पैसे मोजले जातात ते डोकी मोजून, आणि डोकी मोजण्याची यंत्रणा प्रयोगाच्या उंबरठ्यावरच दुरुस्तीला काढलेली होती.

समस्या

विम्याच्या सुरुवातीच्या काळात रुग्णालयांना प्रत्येक सेवेचे स्वतंत्र पैसे मिळत. २००८ मध्ये आजारगटानुसार ठरलेले पॅकेज दर, म्हणजे एका गटातील आजाराच्या उपचाराला एकच ठरावीक रक्कम, आले. ते आंतररुग्णांप्रमाणेच बाह्यरुग्णांनाही लागू झाले, तर औषधांचे पैसे यादीतील दराने वेगळे मिळत राहिले. पॅकेजमुळे एका भेटीत अनावश्यक तपासण्या करण्याचा मोह कमी होतो हे खरे, पण भेटींची संख्या वाढवण्याचा मोह तसाच राहतो. ताप उतरला का हे पाहण्यासाठी रुग्णाला पुन्हा बोलावले की नवा दावा तयार होतो. औषध लिहिले की आणखी एक ओळ वाढते. दुसरीकडे, साध्या सर्दीसाठी थेट मोठ्या रुग्णालयात जाण्यापासून किंवा एकाच दुखण्यासाठी दोन-तीन ठिकाणी फिरण्यापासून सभासदाला अडवणारे काही नव्हते.

दाव्यांचे कागद साचत गेले. त्यांची छाननी, त्रुटी काढणे, परत पाठवणे आणि मंजुरी यांत महिने जात. २००९ च्या सुमारापासून विमा निधीचा खर्च उत्पन्नाला मागे टाकू लागला, तशी थकबाकीही वाढत गेली. येथे खर्चाचा प्रश्न सेवेच्या दर्जाचा प्रश्न होतो. विम्याचे पैसे सहा महिने न मिळालेले रुग्णालय औषध विक्रेत्याची उधारी फेडू शकत नाही. मग औषधालयाच्या खिडकीवर ‘हे औषध संपले आहे, बाहेरून घ्या’ असे उत्तर मिळते. काही ठिकाणी कार्ड असूनही अनधिकृतपणे पैसे मागितले जातात, रोख पैसे देणाऱ्याला आधी आत घेतले जाते आणि कार्डवाला बाकावर बसून राहतो. कागदोपत्री लाभांची यादी बदललेली नसते, तरी कार्डाचे मोल घटलेले असते. नूतनीकरणाची वेळ आली की निरोगी माणूस मनात हा हिशेब करतो आणि हप्ता भरत नाही. आजारी माणूस भरतो. निधीवरचा ताण त्यामुळे आणखी वाढतो.

सेवेच्या दर्जाला दोन बाजू असतात आणि धोरणाच्या चर्चेत त्या नेहमी एकमेकींत मिसळतात. रुग्णाला दिसणारी बाजू म्हणजे रांग, वागणूक, औषध मिळणे आणि डॉक्टरने दिलेला वेळ. न दिसणारी बाजू म्हणजे निदान बरोबर झाले का, रक्तदाब मोजला का, प्रतिजैविक खरोखर गरजेचे होते का. या दुसऱ्या बाजूचे वजन किती असते, हे २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने दाखवले : अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत उपचाराने टळू शकणाऱ्या वार्षिक सुमारे ८६ लाख मृत्यूंपैकी सुमारे ५० लाख मृत्यू दवाखान्यापर्यंत पोचलेल्या, पण निकृष्ट सेवा मिळालेल्या लोकांचे होते. २०१२ मध्ये निर्णय घेणाऱ्यांसमोर हा आकडा नव्हता. तरीही प्रयोगाचे मूल्यमापन करताना तो आज बाजूला ठेवता येत नाही.

विचारात घेण्याजोगे पर्याय

पहिला पर्याय उत्पन्न वाढवण्याचा होता. पण कर वाढवायला संसदेची आणि जनमताची तयारी लागते. हप्त्याचे दार तर जवळजवळ बंदच होते, कारण सत्तेवर असलेल्या पक्षाने २००८ च्या निवडणुकीत ‘आयुष्यात एकदाच हप्ता भरा’ असे आश्वासन दिले होते. ते प्रत्यक्षात आले नाही. मात्र त्यानंतर हप्ता वाढवण्याची भाषा करणे राजकीयदृष्ट्या अशक्य झाले.

दुसरा पर्याय लाभांची यादी आखडण्याचा किंवा प्रत्येक भेटीला रुग्णाकडून थोडी रक्कम घेण्याचा होता. हिशेबाला तो सोपा, पण ‘कॅश अँड कॅरी’ची आठवण ताजी असलेल्या समाजात तो विम्याच्या मूळ वचनावरच घाव ठरला असता. शिवाय अशी रक्कम गरिबाला आवश्यक उपचारांपासूनही दूर ठेवते, हा अनेक देशांचा अनुभव आहे.

तिसरा पर्याय छाननी कडक करण्याचा होता, आणि तो काही प्रमाणात आधीच सुरू झाला होता. २०१० मध्ये देशाची राजधानी अक्रा येथे दावे तपासण्याचे मध्यवर्ती केंद्र उघडले गेले आणि पुढे इलेक्ट्रॉनिक दावेही आले. छाननीने खोटे व फुगवलेले दावे सापडतात. खऱ्या पण अनावश्यक भेटी मात्र तिला सापडत नाहीत, कारण कागदावर त्यात काही चूक नसते.

चौथा पर्याय दरडोई पद्धतीचा. प्राथमिक उपचारांसाठी दवाखान्याला त्याच्याकडे नोंदलेल्या सभासदांच्या संख्येनुसार आगाऊ रक्कम मिळाली, तर दाव्यांचा कागद कमी होतो, दवाखान्याला महिन्याच्या सुरुवातीला पैसे हातात मिळतात आणि रुग्ण निरोगी राहण्यात दवाखान्याचा फायदा होतो. यासाठी थायलंडचे उदाहरण समोर होते. तेथे २००१ मध्ये सहा प्रांतांपासून सुरुवात करून वर्षभराच्या आत सार्वत्रिक योजना देशभर नेली गेली. बाह्यरुग्णांसाठी दरडोई रक्कम आणि आंतररुग्णांसाठी ठरलेल्या एकूण अंदाजपत्रकात आजारगटानुसार वाटप, अशी तिची रचना होती. परंतु तेथे रक्कम मिळत होती ती प्रामुख्याने सरकारी जिल्हा रुग्णालय आणि त्याखालील आरोग्य केंद्रे यांच्या एकत्रित गटाला. घानामध्ये, विशेषतः शहरी भागात, खासगी छोटी रुग्णालये, प्रसाविकांनी चालवलेली प्रसूतिगृहे, मिशनरी रुग्णालये आणि सरकारी केंद्रे यांची सरमिसळ होती. उसनी घेतलेली रचना बसवायची तर आधी ही जमीन सपाट करायला हवी होती.

दरडोई पद्धतीचा धोकाही सर्वांना ठाऊक होता : पैसे आधीच मिळालेले असल्यामुळे कमी सेवा देण्याचा मोह होतो. त्याला आळा दोनच गोष्टींनी बसतो. दवाखाना नीट वागला नाही तर सभासदाला तो सोडून दुसरीकडे जाता आले पाहिजे, आणि विमा देणाऱ्याने सेवेच्या दर्जावर सतत नजर ठेवली पाहिजे. दरडोई रक्कम नेमण्याचा निर्णय घेतानाच या दोन गोष्टींची तयारी किती आहे, हे तपासणे म्हणजे या प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू होता.

घेतलेले निर्णय

जानेवारी २०१२ मध्ये प्रयोग सुरू झाला. दहा प्रांतांपैकी अशांटीची निवड झाली. कुमासी ही प्रांताची राजधानी. २०१० च्या जनगणनेनुसार प्रांताची लोकसंख्या सुमारे ४८ लाख, म्हणजे त्या वेळी देशात सर्वाधिक होती. सेवापुरवठादारांचे सर्व प्रकार तेथे होते आणि विम्याचा खर्चही मोठा होता. येथे पद्धत टिकली तर ती कुठेही टिकेल, हा तांत्रिक तर्क समजण्यासारखा आहे.

राजकीय तर्क वेगळा होता. अशांटी हा तेव्हाच्या विरोधी पक्षाचा बालेकिल्ला आणि २०१२ हे निवडणुकीचे वर्ष. देशातल्या इतर नऊ प्रांतांत सभासद हव्या त्या अंगीकृत रुग्णालयात जाऊ शकत असताना केवळ आपल्यालाच एका दवाखान्याशी बांधले जात आहे, ही गोष्ट तेथील लोकांना शिक्षा वाटली तर त्यात नवल नव्हते. थायलंडची सहा प्रांतांची सुरुवात काही महिन्यांत देशव्यापी झाली होती, त्यामुळे कोणालाही आपण वेगळे काढले गेल्याची भावना जोपासायला वेळ मिळाला नाही. अशांटीत तो वेळ पाच वर्षे मिळाला.

प्रत्येक सभासदाने आपला पसंतीचा प्राथमिक दवाखाना निवडायचा, आणि तातडीचा प्रसंग वगळता तेथेच जायचे, असा नियम होता. विशेषज्ञांचे उपचार आणि आंतररुग्ण सेवा यांचे पैसे आधीच्याच पॅकेज दराने मिळत राहणार होते. दरडोई रकमेत येणाऱ्या सेवांच्या टोपलीत सामान्य बाह्यरुग्ण सेवेबरोबर प्राथमिक मातृसेवाही, म्हणजे प्रसूतिपूर्व तपासणी, नैसर्गिक प्रसूती आणि प्रसूतीनंतरची काळजी, ठेवण्यात आली. ही टोपली ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीच्या दृष्टीने हे सुसंगत होते, कारण मातृसेवा ही प्राथमिक सेवाच आहे आणि एका कुटुंबाची काळजी एकाच ठिकाणी घेतली जावी, हे तत्त्व कोणालाही पटेल असे आहे.

पहिले तीन महिने

विरोध अपेक्षेपेक्षा तीव्र निघाला. खासगी रुग्णालयांचे म्हणणे होते की रक्कम अपुरी आहे. त्यांच्या आक्षेपात स्वार्थ होताच, परंतु तो तेवढ्यावरच निकाली काढण्यासारखा नव्हता. समजा, एका छोट्या खासगी दवाखान्याकडे तीनशे सभासद नोंदले गेले आणि शेजारच्या मोठ्या रुग्णालयाकडे तीस हजार. हिवतापाचा हंगाम वाईट गेला, किंवा तीनशेंपैकी वीस जण मधुमेहाचे व उच्च रक्तदाबाचे निघाले, तर छोट्या दवाखान्याची महिन्याची रक्कम पंधरा दिवसांत संपते. मोठ्या रुग्णालयात तोच चढ-उतार संख्येच्या बळावर विरून जातो. विमा कंपनीने सांभाळायची जोखीम अशा वेळी एका डॉक्टरच्या खांद्यावर येते. त्यातही जो डॉक्टर जुनाट आजारांचे रुग्ण चांगले सांभाळतो म्हणून प्रसिद्ध असतो, त्याच्याकडेच जास्त आजारी लोक नोंदणी करतात. सर्वांना एकच दर असेल, तर चांगल्या कामाचा दंड भरावा लागतो.

मातृसेवेचा प्रश्न याहून अवघड होता. अनेक खासगी दवाखान्यांत प्रसूतीची सोय नव्हती, तर प्रसूतिगृहांत सामान्य आजारांवरील उपचारांची पूर्ण व्यवस्था नव्हती. गरोदर स्त्री तापासाठी एकीकडे आणि तपासणीसाठी दुसरीकडे जाई, आणि त्यात काही गैर नव्हते. टोपलीने या दोन सेवांना एका गाठीत बांधले. दवाखान्यांनी एकमेकांशी जोडून गट करावेत, ही कल्पना कागदावर बरी दिसते. पण आलेल्या रकमेतला वाटा कोणाचा किती आणि प्रसूतीत गुंतागुंत झाली तर जबाबदारी कोणाची, हे ठरवल्याशिवाय असे गट बनत नाहीत.

यात भर पडली ती नोंदणीच्या गोंधळाची. आपण दवाखाना निवडायचा आहे हे ज्यांना कळले नव्हते, त्यांना नेहमीच्या ठिकाणी गेल्यावर दुसरीकडे जा असे ऐकावे लागले. काही खासगी पुरवठादारांनी विम्याचे कार्ड घेणेच थांबवले आणि रोख पैसे मागितले. लोकांना ज्याची भीती होती ते ‘कॅश अँड कॅरी’ त्यांना प्रत्यक्ष खिडकीवर भेटले. या गोष्टीचा परिणाम कोणत्याही पत्रकाने पुसला गेला नसता. रेडिओवरील चर्चांत वैद्यकीय दरांचा वाद बाजूला पडला आणि प्रांतावरील अन्यायाचा वाद पुढे आला.

दुसरा निर्णयबिंदू : माघार किती घ्यायची

सरकारपुढे तीन वाटा होत्या. प्रयोग आहे तसा रेटायचा, पूर्ण थांबवायचा, किंवा टोपलीतून वादाचा भाग काढून उरलेला चालू ठेवायचा. तिसरी वाट निवडली गेली. प्रयोग सुरू होऊन तीन महिनेही झाले नसताना राष्ट्राध्यक्ष आणि आरोग्यमंत्र्यांच्या पातळीवरून प्राथमिक मातृसेवा दरडोई रकमेबाहेर काढण्यात आली.

हा निर्णय मला अर्धा बरोबर वाटतो. गरोदर स्त्रीच्या वाटेत अडथळा उभा राहत असेल, तर तो हटवायला तीन महिनेही जास्तच झाले. पण तो ज्या रीतीने घेतला गेला त्यातून पुरवठादारांना असा संदेश गेला, की तांत्रिक समितीशी वाटाघाटी करण्यापेक्षा राजकीय दबाव आणणे अधिक फलदायी आहे. टोपली ठरवताना तज्ज्ञांनी आपापसांत एकमत घडवले होते. रोज खिडकीवर बसणारे खासगी डॉक्टर आणि प्रसाविका त्या एकमतात नावापुरतेच होते. जे म्हणणे मसुद्याच्या टप्प्यावर ऐकता आले असते, ते रस्त्यावर ऐकावे लागले. आणि एकदा एक वस्तू टोपलीतून बाहेर पडली की उरलेल्या वस्तूंचा दर कशाच्या आधारे योग्य म्हणायचा, हा प्रश्न उघडा पडतो.

पुढची वर्षे आणि शेवट

निवडणूक झाली, सत्ताधारी पक्ष सत्तेत राहिला आणि प्रयोगही राहिला. पुढे व्होल्टा, अप्पर ईस्ट आणि अप्पर वेस्ट या प्रांतांत पद्धत नेण्याचा बेत आखला गेला. देशभर मात्र ती पोचली नाही. अशांटीतील सभासदांचा आणि पुरवठादारांचा या पद्धतीविषयीचा ग्रह प्रतिकूलच राहिला, असे नंतरच्या पाहण्यांतून दिसते. दरडोई पद्धतीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे आगाऊ आणि वेळेवर मिळणारे पैसे. परंतु निधीच थकबाकीत असताना हा गुण टिकवणे कठीण होते, आणि उशिरा मिळणारी दरडोई रक्कम ही पुरवठादाराच्या दृष्टीने दोन्ही पद्धतींतील वाईट तेवढे एकत्र आणते : जोखीम त्याची, आणि वाट पाहणेही त्याचेच.

डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत सत्तांतर झाले. अशांटीत बळकट असलेला पक्ष सत्तेवर आला आणि २०१७ मध्ये दरडोई पद्धत स्थगित करण्यात आली. प्रांत पुन्हा पॅकेज दर आणि औषधांचे वेगळे पैसे या जुन्या चाकोरीत परतला. त्याच वर्षी कायद्याने ठरावीक कामांसाठी राखून ठेवलेल्या सरकारी निधींवर मर्यादा घालण्यात आली, त्यामुळे आरोग्य विमा कराची सगळी रक्कम विम्यापर्यंत पोचण्याची हमी राहिली नाही. ही मर्यादा २०२५ च्या अंदाजपत्रकात उठवली गेली. पैसे देण्याची रीत बदलली काय किंवा जुनी राहिली काय, थकबाकीचे मूळ काही अंशी या दुसऱ्याच ठिकाणी होते.

फलिताचा अर्थ लावताना

दरडोई पद्धतीखाली बाह्यरुग्ण भेटी किंवा त्यांवरील खर्च कमी झाला, असे एखाद्या आकडेवारीत दिसले तर त्याचे निदान तीन अर्थ होऊ शकतात. अनावश्यक भेटी कमी झाल्या असतील. आवश्यक भेटीही कमी झाल्या असतील. किंवा कंटाळून लोकांनी कार्डाचे नूतनीकरणच केले नसेल. पहिला अर्थ यशाचा, दुसरा हानीचा आणि तिसरा योजनेच्या पायालाच धक्का देणारा. खर्चाच्या तक्त्यात तिन्ही सारखेच दिसतात. त्यांच्यात फरक करायचा तर उच्च रक्तदाबाच्या किती सभासदांचा रक्तदाब आटोक्यात आहे, मोठ्या रुग्णालयाकडे पाठवलेल्यांपैकी किती जणांना खरोखर पाठवण्याची गरज होती, औषध बाहेरून आणावे लागलेले किती आणि कोणत्याही रूपाने दवाखान्याच्या संपर्कात न आलेले सभासद किती, अशा मोजमापांची जोड हवी. इंडोनेशियाने २०१४ मध्ये देशव्यापी विमा सुरू केल्यावर दरडोई रकमेचा काही भाग पुढे अशाच निर्देशकांशी जोडला : महिन्यात किती सभासदांशी संपर्क झाला, विनाकारण वर पाठवलेल्यांचे प्रमाण किती, जुनाट आजारांचे रुग्ण नियमित येतात का. तेथील व्यवस्थाही निर्दोष नाही, कारण संपर्काची संख्या गाठण्यासाठी वरवरच्या भेटी नोंदवण्याचा मोह तेथेही होतो. तरी रक्कम कशासाठी दिली जात आहे हे तिच्या रचनेतच लिहिलेले आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, निवडीचा क्रम उलटा ठेवता आला असता. सभासदाला एका दवाखान्याशी बांधण्यापूर्वी त्या दवाखान्यात प्रयोगशाळा आहे का, आवश्यक औषधे सहसा मिळतात का, प्रसाविका कोणत्या वेळी असते, संध्याकाळी डॉक्टर भेटतो का, एवढी माहिती त्याच्या भाषेत आणि वाचता न येणाऱ्याला ऐकता येईल अशा रूपात देणे शक्य होते. विम्यासाठी रुग्णालयाला अंगीकृत करताना तपासणी होतेच. ती तपासणी फायलीत ठेवण्याऐवजी निवडणाऱ्याच्या हातात द्यायची, एवढाच बदल. माहितीशिवाय केलेली निवड ही नुसती नोंदणी असते, आणि नोंदणीने दवाखान्यावर सुधारण्याचा कोणताही दाब येत नाही. त्यासोबत दवाखाना बदलण्याची मुभा सोपी आणि ठरलेल्या मुदतीची हवी होती. पहिल्या वर्षी ती दर तीन महिन्यांनी दिली असती तरी हिशेबाचा फार बोजा पडला नसता.

टोपली लहान ठेवून सुरुवात करता आली असती. बहुतेक सर्व दवाखाने देऊ शकतात अशाच सेवा पहिल्या टप्प्यात, आणि मातृसेवा जेथे एकाच छताखाली सोय आहे तेथेच स्वेच्छेने. छोट्या दवाखान्यांसाठी किमान सभासदसंख्या ठरवणे, किंवा ती गाठेपर्यंत जुन्याच पद्धतीने पैसे देणे, हाही मार्ग होता. वय आणि जुनाट आजार यांनुसार रकमेत दोन-तीन पायऱ्या केल्या असत्या, तर गणित थोडे गुंतागुंतीचे झाले असते, पण आजारी सभासद टाळण्याचे कारण उरले नसते.

प्रांताच्या निवडीबद्दल माझे मत असे, की अशांटी वगळण्याची गरज नव्हती. एकटी अशांटी घेण्याची चूक टाळायला हवी होती. प्रत्येक प्रांतातील एखाद-दुसरा जिल्हा घेतला असता तर अन्यायाची भावना पोसली गेली नसती, शिवाय शेजारच्या न घेतलेल्या जिल्ह्यांशी तुलना करून परिणाम तपासणेही सोपे झाले असते. पुरवठादारांच्या दृष्टीनेही ते सोयीचे ठरले असते, कारण एका प्रांतातील सर्व खासगी डॉक्टर एकाच वेळी एकाच कारणासाठी संघटित होण्याची परिस्थिती निर्माण झाली नसती. निवडणुकीचे वर्ष टाळणे हा तर सल्ला नेहमीच दिला जातो आणि तो क्वचितच पाळता येतो. पण निदान नोंदणीची आणि माहिती देण्याची मोहीम आदल्या वर्षी पूर्ण करून, प्रत्येक सभासदाचा दवाखाना ठरल्याची खात्री पटल्यावरच जानेवारीची तारीख जाहीर करणे हातात होते.

शेवटचा मुद्दा थकबाकीचा. दरडोई रक्कम महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पोचेल, याची हमी देण्याइतका वेगळा निधी प्रयोगाच्या पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला काढून ठेवला असता, तर खासगी पुरवठादारांशी बोलणी करताना प्राधिकरणाच्या हातात एक खरी देवघेव आली असती : रक्कम कदाचित तुमच्या अपेक्षेइतकी नसेल, पण ती अमुक तारखेला खात्यात जमा होईल आणि चुकली तर व्याजासह मिळेल. रोजच्या उधारीवर दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला अशा अटीवर कमी दरही विचारात घ्यावासा वाटला असता.